वारसा नाकारता येतो का? घराणं, ओळख आणि भूमिकेतून येणारी कर्तव्यं

अक्षांश (धागाकर्ता)

"आजोबांनी जे केलं ते केलं. मी कुणाचं काही घेतलेलं नाही, मग माझ्याकडे का बघता?" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलं आहे. पण त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी विचारा, तू कोण? तो आधी घराण्याचं नाव सांगेल, आजोबांचं कर्तृत्व सांगेल. म्हणजे मोठेपणा वारशाने आलेला चालतो. उत्तर द्यायची वेळ आली की मात्र आपण एकटेच जन्माला आलेलो असतो. ही विसंगती मला फार दिवस टोचते आहे, म्हणून हा धागा.

अलास्डेर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने १९८१ साली नेमक्या याच वाक्यावर बोट ठेवलं. मी कधी गुलाम बाळगले नाहीत म्हणून हात झटकणारा अमेरिकन, १९४५ नंतर जन्मलो म्हणून ज्यूंशी माझं काही देणंघेणं नाही म्हणणारा जर्मन तरुण, अशी उदाहरणं त्याने घेतली. त्याचं म्हणणं असं की माणूस कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी बहीण, एखाद्या गावाचा, एखाद्या व्यवसायाचा म्हणूनच जगात उभा राहतो आणि त्या नात्यांबरोबर काही देणीही पदरात पडतात. ती झटकणारा आपल्याच कहाणीतून स्वतःला कापून काढतो. मात्र त्याने हेही स्पष्ट केलं आहे की ज्या समाजात ओळख मिळाली त्याच्या मर्यादा मुकाट्याने स्वीकारल्या पाहिजेत असं काही नाही. बंड करणं हाही ती ओळख जगण्याचा एक प्रकार आहे.

दुसरीकडे कार्ल यास्पर्स हा जर्मन तत्त्वज्ञ. बायको ज्यू असल्यामुळे नाझींनी त्याला १९३७ मध्ये प्राध्यापकपदावरून दूर केलं होतं. युद्ध संपल्यावर, १९४५-४६ च्या हिवाळ्यात, त्याने हायडेलबर्गच्या विद्यापीठात जर्मनांच्या दोषावर व्याख्यानं दिली आणि दोषाचे चार प्रकार पाडले. कायद्याने ठरणारा गुन्हा ज्याचा त्याचा. राजकीय जबाबदारी सगळ्या नागरिकांची, कारण सत्ता त्यांच्या नावाने चालली होती. नैतिक दोषाचा निवाडा ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकापुढे करायचा. आणि चौथा, सगळ्यांत खोल: दुसऱ्या माणसावर अन्याय होत असताना आपण जिवंत राहिलो, एवढ्यानेच जाणवणारा. अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवायला त्याने ठाम नकार दिला.

या दोघांना शेजारी बसवल्यावर मला एवढं पटलं आहे: दोष रक्तातून येत नाही, पण जाब देण्याची जबाबदारी येते. ती नेमकी कशामुळे येते यावर तुमचं ऐकायचं आहे. फायदा घेतला म्हणून? की फायदा झाला असो वा नसो, त्या घरातले आहोत म्हणून?

मंजिष्ठा

विषय महत्त्वाचा आहे, पण सुरुवातीशीच माझं भांडण आहे. घराण्याचा टेंभा मिरवणाऱ्याला तुम्ही बरोबर पकडलंत. ज्याने कधी मिरवलंच नाही त्याचं काय?

"मी म्हणजे माझं घराणं नव्हे" हे म्हणता येणं माणसाने फार किंमत मोजून मिळवलं आहे. एकाच्या अपराधापायी अख्खं घर मारलं जाई अशा काळात यहेज्केल हा ज्यूंचा संदेष्टा उभा राहिला आणि म्हणाला, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबतात ही म्हण यापुढे वापरू नका. ज्याने पाप केलं तोच त्याचं फळ भोगेल, मुलगा बापाचं ओझं वाहणार नाही. हे वाक्य हातचं गेलं तर सूडाच्या पिढ्यान्‌पिढ्यांना मोकळं रान मिळेल. वारशाने जाब मागणारे सगळेच तुमच्याइतके सौम्य नसतात.

दस्तुरखुद्द

मालमत्तेच्या कायद्याने या प्रश्नाशी फार आधी झुंज दिली आहे, तिकडे बघावं.

रोमन कायद्यात वारस म्हणजे मृताच्या जागी उभा राहणारा माणूस. मालमत्ता त्याची, तसं कर्जही त्याचं आणि कर्ज जास्त निघालं तर पदरमोड करून फेडायचं. ५३१ साली जस्टिनियन या सम्राटाने यातून वाट काढली. वारसाने ठरलेल्या मुदतीत मालमत्तेची रीतसर यादी करावी, मग त्याची जबाबदारी हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच. आपल्याकडे याज्ञवल्क्याने पित्याचं ऋण पुत्राने फेडावं असं सांगितलं, पण पित्याने दारूपायी किंवा जुगारापायी केलेलं ऋण त्यातून वगळलं. दोन्हीकडे ताळा एकच आहे: घेतलं तर देणंही घ्या, पण त्याला हद्द असते.

म्हणून माझं उत्तर, फायद्यापुरतं. यादी करा, आलं तेवढ्यातून द्या आणि मोकळे व्हा.

पाणंद

दस्तुरखुद्द, यादी कशी करायची ते सांगा. खरंच विचारतो आहे.

वडील गेल्यावर कपाट आवरताना कागदांची एक पिशवी निघाली. आजोबा व्याजाने पैसे देत. एका कागदाच्या तळाशी जांभळट पडलेला अंगठा आहे. शाई जास्त झाली असावी, उजव्या कडेच्या रेघा फिसकटून एकमेकींत मिसळल्या आहेत. शेजारी आजोबांचं सुरेख वळणदार अक्षर: "निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची". ज्याचा अंगठा, त्याला वरचा मजकूर वाचता येत नव्हता हे उघड आहे. रक्कम किरकोळ आणि तिच्यापायी लिहून घेतलेला जमिनीचा तुकडा मात्र किरकोळ नाही. पुढे तो तुकडा विकला गेला आणि त्यावर माझं शिक्षण झालं.

कायद्याने यात आता काही उरलेलं नाही, ते मी विचारून घेतलं. त्या माणसाची नातवंडं कुठे असतील ते शोधतो आहे. सापडली तर जमिनीची किंमत देता येईल, निदान काही भाग. पण मला चारचौघांत न घाबरता बोलता येतं, अर्ज नीट लिहिता येतो, मोठ्या खुर्चीतल्या माणसासमोर मान वर ठेवता येते. हे सगळं त्याच तुकड्यातून आलं. ते यादीत कुठल्या रकान्यात लिहू?

दस्तुरखुद्द

त्याला रकाना नाही. तुमचं बरोबर आहे. कायदा वस्तू मोजतो. माणूस घडतो त्याचा हिशेब त्याला जमत नाही आणि त्याने तो करायला जाऊही नये.

अक्षांश

पाणंद, तुमच्या कागदामुळे माझ्याच प्रश्नाचा अर्धा भाग सुटला. फायदा आणि आपण असे दोन वेगळे ढीग करता येतात हे मी गृहीत धरलं होतं. इथे फायदाच माणूस होऊन बसला आहे. तो परत करायचा तर स्वतःला परत करावं लागेल.

मंजिष्ठा, यहेज्केल मला पूर्ण मान्य आहे. तो शिक्षेबद्दल बोलतो आहे. पाणंद यांना कुणी शिक्षा द्यावी असं कुणीच म्हणणार नाही. पण त्या अंगठ्याकडे बघून त्यांनी पिशवी पुन्हा बांधून ठेवली असती, तर ती कृती आजोबांची नसती, त्यांची स्वतःची असती. मला वाटतं जबाबदारी इथे सुरू होते: कळल्यानंतर आपण काय करतो यापाशी.

उभा छेद

वारशाने मालमत्ता येते, नाव येतं, त्यावर बोलणं झालं. वारशाने कामही येतं, त्यावरही बोला. अमक्याच्या पोटी जन्मलास म्हणून तू हेच करायचं, ही भूमिका. आणि भूमिका चोख बजावणं हीच नीती.

इंग्लंडमध्ये एफ. एच. ब्रॅडली या तत्त्वज्ञाने १८७६ साली एका निबंधात हा विचार जोरकसपणे मांडला: समाजात आपलं जे स्थान आहे, त्याची कर्तव्यं पार पाडण्यात माणूस स्वतःला सापडतो. पण त्याच निबंधाच्या शेवटी त्यानेच कबूल केलं की समाजच सडलेला असेल तर हे पुरेसं नाही. त्याचा पहिला भागच लोक उचलतात, शेवटचा कुणी उद्धृत करत नाही.

माझ्या दृष्टीने यावरचा सगळ्यांत नेमका घाव डॉ. आंबेडकरांचा आहे. १९३६ च्या, होऊ न दिलेल्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक म्हणजे जन्माने काम ठरवणं ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, तिथे माणसाची आवड आणि कुवत यांना जागाच नाही. दुसरी गोष्ट या धाग्यासाठी जास्त महत्त्वाची: नियम आणि तत्त्व यांतला फरक. नियम सांगतो, हे असं कर. तत्त्व विचार करायला लावतं आणि निवड तुमच्यावर सोपवतं. तत्त्वाने वागताना चूक होऊ शकते, पण ती कृती माणसाची असते, म्हणून तिची जबाबदारीही त्याची असते. नुसता नियम पाळणाऱ्याला जबाबदार कसं म्हणायचं?

तेव्हा 'परंपरेने मिळालेली भूमिका' असं कुणी कौतुकाने म्हणाला की माझा पहिला प्रश्न: ती सोडायची मुभा होती का? मुभा नव्हती तर तिथे नीतीचा प्रश्नच उद्भवत नाही, तो हुकूम आहे.

सांजवेळ

उभा छेद यांच्याशी सहमत, त्यात एक भर घालते. मुभा मिळूनही जो भूमिका सोडत नाही त्याचं काय?

उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला रथात घेऊन सांगतो, तू कुंतीचा थोरला. चल माझ्याबरोबर, राज्य तुझं, पाचही भाऊ तुझे पाय धरतील. जन्माचा वारसा, तोही राजाचा, समोर आणून ठेवला आहे आणि आयुष्यभर ज्या सूतपणावरून हिणवलं गेलं ते एका क्षणात पुसलं जाणार आहे. कर्ण काय म्हणतो? अधिरथाने मला घरी नेलं, राधेला माझ्या मायेने पान्हा फुटला, तिने माझं मलमूत्र काढलं. तिला मी कसं सोडू? माझे संस्कार अधिरथाने केले, माझ्या बायका सूतकुळातल्या, मुलं-नातवंडं त्यांच्यापासून. सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या, तरी हे नातं खोटं करता येणार नाही.

मला यात पहिल्यापासून फार मोठं काही दिसतं. तो रक्त नाकारतो आणि ज्या हातांनी आपल्याला वाढवलं ते हात निवडतो. त्याची बाजू चुकीची होती, दुर्योधनाच्या मैत्रीपायी द्यूतसभेत तो जे बोलला त्याला माफी नाही, हे सगळं खरं. पण 'मी कोण' याचं उत्तर त्याने जन्माच्या दाखल्यातून घेतलं नाही, एवढी गोष्ट त्यातून वेगळी काढता येते.

छांदोग्य उपनिषदातला सत्यकामही आठवावा. गुरूने गोत्र विचारलं. आईने सांगितलं होतं तेच त्याने जसंच्या तसं सांगितलं: तरुणपणी अनेक ठिकाणी राबताना तू मला झालास, गोत्र मला माहीत नाही, मी जबाला, तू सत्यकाम. त्याने आईचं नाव लावलं. गौतमाने त्याला ठेवून घेतलं ते तो खरं बोलला म्हणून.

उभा छेद

गौतमाने काय म्हटलं तेही लिहा. असं खरं ब्राह्मणाशिवाय कुणी बोलू शकत नाही, असं तो म्हणतो. म्हणजे खरेपणा दिसला, तरी त्याचं श्रेय फिरून जन्मालाच.

सांजवेळ

हो, ते तिथे आहे आणि सलतं. पण जबालेचं उत्तर त्याने लहान होत नाही.

निरंजना

मी महाकाव्यांतून जरा खाली आणते, राग मानू नका.

आई अंथरुणाला आहे. तिला कुशीवर वळवायचं तर एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालावा लागतो, नाहीतर तिला दुखतं. हे आता माझ्या हातांना पाठ आहे. भाऊ फोन करतो, मनापासून चौकशी करतो, औषधांची नावं विचारतो, मग सांगतो, "पाठीला जखमा होऊ देऊ नकोस, वळवत जा." तो वाईट नाही. पैसे पाठवतो. पण त्याला कुणी विचारत नाही की नोकरीचं काय करणार आहेस. मला प्रत्येक जण विचारतो आणि उत्तर स्वतःच देतो, "शेवटी मुलगीच ती."

माझा प्रश्न इतकाच. आई-वडिलांचं करावं हे कर्तव्य मला मान्य आहे. ते 'अपत्याचं' कर्तव्य असताना वाटून देताना 'मुलीचं' कसं होतं?

जुना वाचक

निरंजनाताई, एपिक्टेटस हा प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञ म्हणतो की कर्तव्यं नात्यावरून मोजावीत. वडील वाईट असतील तरी ते वडील आहेत. निसर्गाने तुला चांगल्या वडिलांशी नव्हे, वडिलांशी जोडलं आहे. भाऊ अन्याय करत असेल तर तू आपलं भावाशी असलेलं नातं सांभाळ, तो काय करतो ते बघू नकोस. स्वतः गुलाम म्हणून जगलेला माणूस हे सांगतो, म्हणून त्याला वजन आहे. दुसऱ्याने त्याची भूमिका सोडली तरी आपली आपल्या हातात असते, यात मला मोठा आधार वाटत आला आहे.

निरंजना

आधार आहे, मीही तो घेते. रात्री तीन वाजता दुसरं काय असतं? पण हाच उपदेश भावाच्या कानावर कुणी का घालत नाही? तोही मुलगाच आहे. ज्याची पकड सुटत नाही त्यालाच 'तू तुझं बघ' सांगितलं जातं, आणि मग सगळं त्याच्याच हातात राहतं.

शमी

निरंजना, तुमचं वाक्य बरोबर जागी लागलं आहे.

जेन इंग्लिश या तत्त्वज्ञ बाईंनी १९७९ साली एका छोट्या निबंधात विचारलं होतं की मोठी झालेली मुलं आई-वडिलांचं काय 'देणं' लागतात. त्यांचं उत्तर: काहीच नाही, कारण ते कर्ज नव्हतंच. न मागता केलेल्या त्यागाची वसुली होत नाही. मुलांनी करायचं ते आजच्या प्रेमापोटी, मैत्रीत करतो तसं. मला हे अर्धंच पटतं. कर्जाची भाषा सोडावी, हे शंभर टक्के मान्य. पण मैत्री आटली की संबंध संपला असं आई-वडिलांच्या बाबतीत होत नाही, आतून होत नाही. ज्यांचं पटत नाही त्यांनाही ते तुटल्याचं दुखतं, ते का?

काठावरचा

बाप आणि न्याय यांत निवड करायची वेळ आली तर? दोन प्रसंग शेजारी ठेवतो.

कन्फ्यूशियसला एक सरदार अभिमानाने सांगतो, आमच्याकडे इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने स्वतः साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडचा सरळपणा वेगळा आहे. बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला.

अथेन्समध्ये युथिफ्रो स्वतःच्या वडिलांवर खुनाचा खटला भरायला निघाला आहे. त्यांच्याकडच्या मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलं. वडिलांनी त्या मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं आणि काय करावं ते विचारायला माणूस पाठवला. निरोप येईपर्यंत मजूर थंडीने आणि भुकेने मेला. घरचे युथिफ्रोवर चिडले आहेत, एका खुनी मजुरापायी बापावर खटला? युथिफ्रो म्हणतो, मेलेला परका की घरचा याने काय फरक पडतो?

सॉक्रेटिस त्याला फार ताणतो, कारण आपल्याला सगळं कळतं या त्याच्या खात्रीत पोकळपणा आहे. तरी युथिफ्रोचं ते एक वाक्य मला खोडता येत नाही. मेंढी असेल तर मी कन्फ्यूशियसच्या बाजूने उभा राहीन. खड्ड्यात माणूस मेला असेल तर नाही.

अक्षांश

काठावरचा, सीमारेषा तुम्ही बरोबर आखलीत. घराचं नुकसान सोसून घर झाकता येतं. दुसऱ्याच्या जिवावर झाकता येत नाही.

मला स्वतःला सगळ्यांत उपयोगी पडलेली मांडणी सिसेरो या रोमन विचारवंताची. इ. स. पू. ४४ मध्ये, अथेन्समध्ये शिकणाऱ्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर लिहिताना त्याने पॅनीशियस या ग्रीक विचारवंताकडून घेतलेली एक कल्पना मांडली. प्रत्येक माणूस चार भूमिका एकदम वठवत असतो: माणूस म्हणून सगळ्यांना समान असलेली, स्वतःच्या स्वभावाची, परिस्थितीने पदरात टाकलेली (कूळ, संपत्ती, सत्ता सगळं यात) आणि चौथी स्वतः निवडलेली. वडिलांच्या वाटेने जाणारे असतात आणि ती सोडणारेही, दोघांनाही तो जागा ठेवतो. पूर्वजांच्या दोषांचं अनुकरण करू नका असंही बजावतो.

यातलं मला मोलाचं वाटतं ते हे की कूळ तिसऱ्या क्रमांकावर आहे, पहिल्या नाही. 'अपत्याचं' कर्तव्य 'मुलीचं' होतं तेव्हा तिसरी भूमिका बाकी तिन्ही गिळून टाकते. निरंजना, तुमच्या भावाकडे पहिली आणि चौथी शाबूत ठेवली गेली. तुम्हाला त्याच दोन सोडायला सांगितलं जातं आहे. याला कर्तव्य म्हणणाऱ्याला मी कर्तव्याच्याच भाषेत विरोध करेन.

मंजिष्ठा

हे मला पुष्कळसं मान्य आहे. एक जागा तरीही उरते. ज्या घरात मारच खाल्ला, ते घर सोडून गेलेली मुलगी. आता वडील थकले, निरोप येतो. एपिक्टेटस म्हणेल, ते वडील आहेत. तुम्ही काय म्हणाल?

अक्षांश

इथे मी एपिक्टेटसबरोबर नाही. बापाने बाप व्हावं, मुलाने मूल, असं कन्फ्यूशियसने म्हटलं त्यात बापाला आधी सांगितलं आहे. ज्याने आपली बाजू मारहाणीने मोडली त्याला दुसरी बाजू मागायचा हक्क उरत नाही. तिने जायचं ठरवलं तर ते तिचं मोठेपण, नाही गेली तर तिच्याकडून काही राहून गेलं असं मी म्हणणार नाही.

मंजिष्ठा

आणि तो थकलेला माणूस? त्याला पाणी कुणी द्यायचं?

अक्षांश

माणूस म्हणून त्याचा हक्क शाबूत आहे, बाप म्हणून गेला. तो हक्क तिच्या एकटीवर नाही, सगळ्यांवर आहे: शेजार, समाज, शासन.

निरंजना

'सगळ्यांवर' असं म्हटलं की प्रत्यक्षात ते घरात उरलेल्या दुसऱ्या बहिणीवर पडतं. त्या बहिणीचं काय करायचं ते आधी ठरवा, मग मी सहमत लिहीन.